वापरलेली ईको घेताना: आधी सीट उचला, मॅट उचला, मग किंमत बोला

एकाच सालच्या, एकाच रंगाच्या, मीटरवर साठ-साठ हजार किलोमीटर दाखवणाऱ्या दोन मारुती ईको व्हॅन शेजारी उभ्या करा. एक पुढची पाच वर्षं बिनबोभाट चालेल. दुसरी पहिल्याच पावसाळ्यात गॅरेजचं तोंड पाहील. आधीच्या मालकाने गाडीकडून काय काम करून घेतलं, यावर हे सगळं ठरतं. ईकोचं यंत्र साधं आहे, सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात आणि दुरुस्ती कुठलाही जाणता फिटर करतो. म्हणूनच लोक तिला वाट्टेल तसं राबवतात आणि नंतर विकायला काढतात. तेव्हा गाडी बघायला जाताना "मॉडेल कितीचं?" याच्या आधी "ही काय करत होती?" हे विचारायचं. उत्तर खरं मिळेलच असं नाही, पण गाडी स्वतः सांगते.

आधी साल

ईको जानेवारी २०१० मध्ये आली, मारुतीच्याच जुन्या व्हर्सा व्हॅनच्या जागी. इंजिन १,१९६ सीसीचं जी-१२-बी, पुढच्या सीटखाली, आणि ताकद मागच्या चाकांना. नोव्हेंबर २०२२ पासून तिला के मालिकेतलं १,१९७ सीसीचं ड्युअल जेट इंजिन मिळालं. त्याला टायमिंग चेन आहे. आधीच्या इंजिनाला टायमिंग बेल्ट, त्यामुळे नोव्हेंबर २०२२ च्या आधीची आणि लाखाच्या आसपास चाललेली गाडी असेल तर बेल्ट बदलल्याची पावती मागायची. "बदललाय, बदललाय" हे तोंडी चालत नाही. बेल्ट तुटला की गाडी जागेवर थांबते, आणि नशीब वाईट असेल तर व्हॉल्व्हही वाकतात. पावती नसेल तर बेल्ट, टेन्शनर आणि त्याच उघड्या कामात वॉटर पंप एवढा खर्च किमतीतून वजा धरा.

सुरक्षिततेच्या बाबतीत २०१९ ही मधली रेघ आहे. एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा) आणि चालकाची एअरबॅग त्या साली आली. शेजारच्या सीटची एअरबॅग सक्तीची झाली ती २०२२ पासून. एअरबॅग नसलेल्या ईकोला २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक-चाचणीत प्रौढांसाठी शून्य तारे मिळाले होते. घरच्या माणसांसाठी, त्यातही मुलांसाठी घेत असाल तर २०१९ च्या अलीकडचीच बघावी, असं स्पष्ट मत आहे. दुकानातला माल न्यायला २०१५ ची घेतली तरी चालते, फक्त शेजारच्या सीटवर कोण बसणार आहे याचा विचार करा.

आणखी एक तपासणी फुकटात होते. ५ जुलै २०२१ ते १५ फेब्रुवारी २०२३ या काळात बनलेल्या काही ईको आणि एस-प्रेसो मिळून ८७,५९९ गाड्या कंपनीने स्टिअरिंगच्या टाय रॉडसाठी परत बोलावल्या होत्या. कंपनीच्या संकेतस्थळावर चेसिस नंबर टाकला की आपली गाडी त्यात होती का ते कळतं. होती आणि काम झालेलं नसेल, तर व्यवहाराच्या आधी अधिकृत वर्कशॉपमधून ते करून घ्यायला मालकाला सांगा.

काय काम केलंय ते ओळखणं

शाळेची मुलं नेणारी व्हॅन दिवसाला शंभर वेळा थांबते. त्यामुळे क्लच, ब्रेक आणि सरकता दरवाजा हे तीन भाग मीटरच्या मानाने फार झिजलेले असतात. खुणा अशा: फरशीवर जादा सीटचे बोल्ट काढून बुजवलेली भोकं, दाराच्या पायरीवर मधोमध घासलेला रंग, छताच्या कापडावर लहान हातांचे डाग आणि दाराच्या रबराखाली पिवळ्या रंगाची पुसट रेघ. सरकत्या दाराचं रबर एका टोकाला उपटून खालचा पत्रा बघा. वरून रंग मारतात, रबराखाली सहसा कुणी हात घालत नाही.

मालवाहू किंवा कुरिअरची ईको मागून बसलेली असते. रिकामी गाडी सपाट जागेवर उभी करून दहा-बारा पावलं मागे जा आणि बघा. मागचा भाग पुढच्यापेक्षा खाली दिसला तर मागच्या कॉइल स्प्रिंग थकल्या. फरशीवर पेट्यांच्या कडांचे पोचे, मागच्या दाराच्या आतल्या बाजूला ओरखडे, सीटमागच्या पत्र्यावर दोरी बांधण्याची भोकं हे सगळं जुळतं. एवढ्याने नाही म्हणायची गरज नाही. स्प्रिंग आणि शॉक अॅबसॉर्बर बदलता येतात. पण मीटरवर ४० हजार आणि फरशीचा असा अवतार असेल, तर मीटरला हात लागलाय असं समजा.

मासळी वाहिलेली गाडी मात्र कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या. वितळलेल्या बर्फाचं खारं पाणी फरशीच्या सांध्यांत, दरवाजाच्या खालच्या खाचेत आणि चेसिसच्या पोकळीत जाऊन बसतं. वास फिनेलने जातो, गंज जात नाही. किनारपट्टीवरच्या पासिंगची, म्हणजे रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड किंवा गोव्याची गाडी असेल तर हे आधी बघायचं. याउलट देशावरची, सोलापूर-लातूरकडची गाडी पत्र्याला बहुधा चांगली निघते, पण तिकडे उन्हाने रबर, डॅशबोर्ड आणि कूलंटचे होज कडक झालेले असतात.

रुग्णवाहिकेची ईको विकायला आली तर छतावर सायरनची बुजवलेली भोकं असतात. अशा गाड्या नेहमी जोरात पळवलेल्या आणि थांबल्यावरही इंजिन चालू ठेवलेल्या असतात. किलोमीटरपेक्षा इंजिनाचे तास जास्त झालेले असतात, आणि ते मीटरवर कुठेच दिसत नाहीत.

बघायला जाताना

सकाळी जा आणि इंजिन थंड ठेवायला मालकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा. पोहोचल्यावर सीटवर हात ठेवून बघा. इंजिन सीटखाली असल्याने ती गरम लागली तर गाडी आपण यायच्या आधीच चालू करून ठेवली होती. का, ते विचारा. सोबत टॉर्च, चुंबक, जुना पुठ्ठा, पातळ स्क्रू-ड्रायव्हर आणि जमलं तर ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या बिघाडाच्या नोंदी वाचणारं यंत्र) घ्या. २०१३ नंतरच्या गाड्यांना तो चालतो आणि पुसलेले फॉल्ट कोडही पकडता येतात: सगळ्या चाचण्यांपुढे "अपूर्ण" दिसलं, तर कुणीतरी नुकतीच मेमरी साफ केली आहे किंवा बॅटरी काढली होती.

मीटर खरं आहे का, याचे पुरावे गाडीभर पसरलेले असतात. टायरच्या कडेवरचा चार आकडी कोड वाचा. ३२१९ म्हणजे २०१९ सालचा ३२ वा आठवडा. २०१९ ची गाडी, मीटरवर ३५ हजार आणि टायर २०२३ चे, तर पहिला संच कुठे गेला? क्लच आणि ब्रेकच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगची चकाकी, चालकाच्या सीटचा दाराकडचा बसलेला फोम, हँडब्रेकची मूठ यांचं वय मीटरशी जुळायला हवं. काचांवरचे आणि सीटबेल्टच्या चिठ्ठीवरचे सालही बघा. एखादीच काच वेगळ्या सालची असेल तर त्या बाजूला अपघात झालेला असू शकतो. गाडी अधिकृत वर्कशॉपला जात होती म्हणाले तर नंबर देऊन सर्व्हिसची नोंद काढायला लावा. मालक सोबत असेल तर ती मिळते.

सीट उचलल्यावर

इंजिन बघायला पुढची सीट उचलावी लागते, आणि ज्या मालकाला ती कशी उचलायची तेच माहीत नाही त्याने ऑइल कधी तपासलं असेल? इथे धूळ असणं वाईट नाही. उलट इंजिन आरशासारखं धुतलेलं असेल तर ऑइलची गळती लपवलेली असू शकते. झाकणाच्या गॅस्केटखाली बोट फिरवा, कोपऱ्यात ऑइल राहतंच.

डिपस्टिक काढून पांढऱ्या कागदावर टेकवा. काळं ऑइल म्हणजे वापरलेलं ऑइल, एवढंच. दुधाळ, कॉफीसारखं दिसलं तर त्यात पाणी मिसळतंय, म्हणजे बहुधा हेड गॅस्केट गेलं. पातळी किमानाच्या खाली असेल तर गाडी ऑइल खाते किंवा मालक निष्काळजी आहे. दोन्ही तुमच्या उपयोगाचं नाही. ऑइल भरायच्या टोपणाखाली घट्ट काळा चिकट थर साचलेला असेल तर ऑइल वेळेवर बदललेलंच नाही.

मग कूलंट. ईकोचा रेडिएटर पुढे आणि इंजिन मधे, त्यामुळे पाण्याचे पाइप लांब आहेत. होज एकदा फुटून नुसतं नळाचं पाणी भरत राहिलं की आत गंज धरतो आणि दर वेळी भरताना हवा अडकते. अडकलेल्या हवेमुळे टाकी भरलेली दिसूनही घाटात काटा चढतो. टाकीतलं पाणी हिरवं किंवा कंपनीच्या रंगाचं आहे का बघा. चहासारखं तांबूस असेल तर किमान रेडिएटर फ्लश, होज आणि क्लिपा, आणि कमाल हेडचं काम धरून चाला. गाडीला हीटर असेल तर इंजिन तापल्यावर तो लावा. काटा मधे आणि हवा थंड, म्हणजे कूलंट कमी आहे किंवा हवा अडकली आहे. गरम इंजिनचं रेडिएटरचं टोपण उघडू नका. मालक "उघडा की" म्हणाला तरी नाही.

आता चालू करा. पहिल्या अर्ध्या सेल्फमध्ये सुरू व्हायला हवी. एकाने मागे उभं राहून धूर बघायचा. सुरू होताना निळसर झुळूक आणि मग साफ, तर व्हॉल्व्ह सील कडक झालेत. हे सोसण्यासारखं आहे. अॅक्सिलरेटर दाबून जोर देताना सतत निळा धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, ते सोसण्यासारखं नाही. इंजिन तापल्यावरही गोडसर वासाचा पांढरा धूर सुरू राहिला तर कूलंट जळतंय. गाडी पसंत पडली आणि मनात शंका असेल तर चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या, तासाभराचं काम आहे. आकड्यापेक्षा चौघांतला फरक महत्त्वाचा: सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत कमी यांच्यात १० टक्क्यांहून जास्त तफावत नको.

पुठ्ठा इंजिनाखाली सरकवून गाडी पंधरा मिनिटं चालू ठेवा आणि थेंब कुठे पडतात ते बघा. एसी लावलेला असेल तर स्वच्छ पाणी पडणारच, त्याला घाबरू नका.

सीएनजी असेल तर

सीएनजी ईकोत तीन प्रकार सापडतात: कंपनीने बसवलेली, बाहेर किट बसवून आरसीवर नोंदवलेली, आणि नोंद न केलेली. तिसऱ्या प्रकारच्या गाडीचा विमा अपघाताच्या वेळी अडतो, तेव्हा आरसीवर इंधनाच्या रकान्यात पेट्रोल आणि सीएनजी दोन्ही आहे का ते आधी वाचा. विम्याच्या कागदावरही किटची नोंद हवी. घरगुती गॅस भरण्यासाठी जोडलेली एखादी नळी किंवा बुजवलेलं भोक दिसलं तर तिथून सरळ परत फिरा.

सिलिंडरवर शेवटच्या हायड्रो टेस्टची, म्हणजे पाण्याच्या दाबाने केलेल्या मजबुतीच्या चाचणीची, तारीख असते. ही चाचणी दर ३ वर्षांनी सक्तीची आहे आणि मुदत संपली तर पंपावर गॅस नाकारतात. सिलिंडर उतरवून, तपासून परत बसवेपर्यंत गाडी अडकते, म्हणून मुदत जवळ आलेली असेल तर ते विकणाऱ्याच्या अंगावर घाला. व्हॉल्व्हच्या आणि रिड्यूसरच्या (गॅसचा दाब कमी करणारा भाग) जोडावर साबणाचं पाणी ब्रशने लावा. बुडबुडा आला की गळती. सिलिंडरचे पट्टे आणि त्यांचे बोल्ट गंजलेले असतील तर तेही बदलायला हवेत.

सीएनजीवर खूप चाललेल्या इंजिनात गोम असते ती एक्झॉस्ट व्हॉल्व्हची. गॅस कोरडा असतो, व्हॉल्व्हची सीट हळूहळू खचते आणि टॅपेटचं अंतर, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातली फट, वाढायच्या ऐवजी कमी होतं. त्यामुळे जुनं इंजिन अगदी शांत चालतंय म्हणून खूश होऊ नका. हलकी टकटक परवडली. अंतर संपलं की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, गरम इंजिन उभ्या-उभ्या थरथरतं, सकाळी सुरू व्हायला वेळ लावतं आणि शेवटी व्हॉल्व्ह जळतो. टॅपेट शेवटचे कधी तपासले, हा प्रश्न सीएनजी गाडीच्या मालकाला विचाराच. त्याचा चेहराच बऱ्याचदा उत्तर देतो.

पेट्रोलवरही गाडी चालवून बघा. बरेच जण वर्षानुवर्षं टाकीत दोन लिटर पेट्रोल ठेवून फक्त गॅसवर पळतात. त्या गाळाने पंप, फिल्टर आणि इंजेक्टर बसतात. गॅसवर गुळगुळीत आणि पेट्रोलवर धक्के, असं दिसलं तर कारण हेच.

पाच सीटच्या सीएनजी गाडीत सिलिंडर मागच्या सीटमागे बसतो आणि ज्यासाठी आपण व्हॅन घेतो ती सामानाची जागाच तो खातो. चौघांच्या घराला गावी जाताना धान्याची पोती, पेट्या न्यायच्या असतील तर आधी प्रत्यक्ष सामान ठेवून बघा. शिवाय सिलिंडरचं वजन बारा महिने मागच्या स्प्रिंगवर असतं.

खाली आणि बाजूला

मॅट उचलल्याशिवाय व्हॅन घेऊ नये. पुढच्या दोन सीटच्या पायाशी, सरकत्या दाराच्या आत आणि मागच्या चाकांच्या कमानीवर पत्रा बघा. वरवरचा तांबूसपणा घासून, प्रायमर मारून थांबवता येतो. स्क्रू-ड्रायव्हरने हलकेच टोचल्यावर पापडासारखा तुटला तर पत्रा सडला. जिथे चुंबक धरत नाही तिथे लांबी (पुट्टी) भरलेली आहे. दरवाजा हाताने हलवून कान लावा. आत पाणी खळखळलं तर खालची निचऱ्याची भोकं बुजली आहेत आणि दरवाजा आतून कुजतोय. भोकं साफ करायला एक तार पुरते. हे काम विकत घेतल्यावर दर पावसाळ्याआधी स्वतः करा.

सरकता दरवाजा वरच्या, मधल्या आणि खालच्या रुळांवरच्या रोलरवर चालतो. अर्धा उघडून मागच्या कडेला धरून वर उचला. जास्त खेळ असेल तर मधला किंवा खालचा रोलर झिजलाय. हाच दरवाजा पुढे शेवटच्या इंचात अडतो, आपटून लावावा लागतो, आपटल्याने कुलूप बिघडतं आणि एक दिवस चालत्या गाडीत उघडतो. रोलर वेळेत बदलणं त्यापेक्षा कितीतरी स्वस्त. रूळ रॉकेलने पुसून थोडंच ग्रीस लावायचं. थापल्यासारखं लावलं तर धूळ धरून त्याचं घासकाम होतं.

गाडी पिटावर किंवा रॅम्पवर घेता आली तर उत्तम. गिअरबॉक्सपासून मागच्या हौसिंगपर्यंत (मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरांचा डबा) जाणारा शाफ्ट हाताने दोन्ही बाजूंना फिरवा. शाफ्टच्या टोकाच्या सांध्यात, म्हणजे क्रॉसमध्ये, खेळ असेल तर लगेच जाणवतो. चालवताना क्लच सोडल्यावर मागून येणारा "टक्" हा बहुधा त्याचाच. हौसिंगच्या नाकाशी, जिथे शाफ्ट आत शिरतो, ऑइल ओघळलेलं असेल तर तिथलं पिनियन सील गेलं. ओघळ जुना, सुकलेला असेल तर आत ऑइल उरलंय का ते प्लग उघडून बघायला सांगा. कोरडं चाललेलं हौसिंग साठच्या पुढे ऊं-ऊं करतं, आणि ते काम सीलएवढ्या पैशांत होत नाही.

पुढे लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड बघा. पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवलं तर बॉल जॉइंट आणि बेअरिंगचा खेळ कळतो, डावी-उजवीकडे हलवलं तर टाय रॉडचा. टायर आतल्या कडेला जास्त झिजला असेल तर एक तर अलाइनमेंट, नाहीतर मार खाल्लेला पुढचा भाग. ईकोचं नाक आखूड आहे, त्यामुळे समोरची धडक लवकर आतपर्यंत पोहोचते. पुढच्या चेसिसच्या पट्ट्यांवर कारखान्याचे गोल स्पॉट वेल्ड एकसारखे दिसले पाहिजेत. त्या जागी हाताच्या वेल्डिंगची ओबडधोबड रेघ दिसली तर व्यवहार तिथेच थांबवा.

चालवून बघताना

किमान अर्धा तास, त्यात एक चढ. पुण्यात असाल तर कात्रजचा जुना घाट यासाठी बरा. निम्मी परीक्षा रिकाम्या गाडीत आणि निम्मी चार माणसं बसवून घ्या. रिकामी ईको सगळ्यांनाच पळणारी वाटते.

क्लचसाठी चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगाला अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनचा आवाज चढला पण गाडी चढली नाही, तर क्लच प्लेट सरकतेय. क्लच केबलचा आहे, त्यामुळे पेडल जड असेल तर आधी केबल बदलून बघतात. नुसत्या जडपणावर पूर्ण संच बदलायला सांगणाऱ्याला थांबवा. पेडल दाबल्यावर येणारा आणि सोडल्यावर जाणारा खरखराट मात्र रिलीज बेअरिंगचा, आणि तिथे गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. मग प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग तिन्ही एकदमच घाला. मजुरी दोनदा कशाला द्यायची?

मोकळ्या रस्त्यावर पन्नासवरून जोरात ब्रेक मारा. एका बाजूला ओढली तर कॅलिपर अडकतोय, पेडल थरथरलं तर डिस्क वाकडी. एबीएसच्या गाडीत जोरात दाबल्यावर होणारी टरटर वेगळी, ती हवीच. चावी फिरवल्यावर एबीएस आणि एअरबॅगचे दिवे लागून विझले पाहिजेत. अजिबात न लागणारा दिवा हा सतत लागलेल्या दिव्यापेक्षा संशयास्पद, कारण कुणीतरी बल्बच काढलेला असतो.

जुन्या ईकोला पॉवर स्टिअरिंग नाही. चालत्या गाडीत ते हलकं वाटतं, पार्किंगमध्ये दंडाला व्यायाम होतो. घरातलं आणखी कोणी गाडी चालवणार असेल तर त्यांना सोबत नेऊन गाडी जागेवर वळवून बघायला लावा. गाडी उंच आणि अरुंद आहे, चाकं १३ इंची. कडेने वाऱ्याचा झोत किंवा ट्रक गेला की हलते. समृद्धीसारख्या रस्त्यावर १२० ची मुभा असली तरी हिला ८०-९० मध्ये ठेवा. छतावर कॅरिअर लावून सामान चढवलं तर त्याहूनही खाली. घाट चढताना जो गिअर लागतो तोच उतरतानाही ठेवायचा. भरलेली ईको नुसत्या ब्रेकवर उतरवली की ड्रम तापून पेडल पोकळ होतं.

एसी पुढच्याच बाजूला आहे. मागच्या ओळीपर्यंत गारवा पोहोचायला वेळ लागतो, त्यात सीटखालून इंजिनची धग. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे वापरायची असेल तर सीटखालचं उष्णतारोधक अस्तर जागेवर आहे का ते पाहा. दुरुस्तीत काढलेलं परत लावायचा फिटर अनेकदा कंटाळा करतात. सात सीटच्या गाडीत तिसरी ओळ वापरली की सामानाला जागा जेमतेम उरते, आणि तिथे मोठ्या माणसाला लांब पल्ला नको होतो. गावातल्या गावात, लग्नाला, देवदर्शनाला सात जण ठीक. पुणे-कोल्हापूर पाचच.

मायलेजच्या गप्पांवर जाऊ नका. २०२२ नंतरच्या इंजिनासाठी कंपनीचा आकडा पेट्रोलवर लिटरला १९.७१ आणि सीएनजीवर किलोला २६.७८ किमीचा आहे, प्रत्यक्षात त्यापेक्षा कमीच धरा. स्वतःचा आकडा काढायचा तर टाकी तोंडापर्यंत भरा, दीडशे-दोनशे किमी चालवा, त्याच पंपावर पुन्हा तोंडापर्यंत भरा आणि किमीला लिटरने भागा. गॅसला पंपावरचा दाब दोन्ही वेळा २०० बारपर्यंत गेला होता का ते बघा, नाहीतर हिशोब फसतो.

कागद

पाटी पांढरी की पिवळी, इथून सुरुवात. पिवळ्या पाटीची गाडी घरगुती वापरासाठी घ्यायची तर परमिट परत करणं, कराचा फरक आणि आरटीओची तपासणी या पायऱ्या आहेत. हे विकणाऱ्याने करून दिलं तरच घ्या. "नंतर होऊन जाईल" म्हणणाऱ्याच्या गाडीवर बहुधा थकलेला कर किंवा दंड निघतो. चलनं परिवहनच्या संकेतस्थळावर नंबर टाकून बघता येतात.

आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०. दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसीही. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि परराज्यातली गाडी असेल तर ४५ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या, नाहीतर मधल्या काळात स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो. चेसिस नंबर आरसीवरचा आणि पत्र्यावर ठोकलेला, एकेक आकडा बोट ठेवून जुळवा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी, म्हणजे सरकारी सुरक्षा-खुणांची नंबरपाटी, लावलीय का तेही विचारा. पंधरा वर्षं पूर्ण होत आलेल्या गाडीला फेरनोंदणी आणि पर्यावरण कर लागतो, आणि २०१० च्या ईको आता त्याच रांगेत आहेत.

किंमत

विकणारा गाडी घेतली त्या वेळच्या भावावरून बोलतो. तुम्ही आजच्या नव्या ईकोच्या भावावरून बोला. २२ सप्टेंबर २०२५ पासून या आकाराच्या पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि नवी गाडी स्वस्त झाली, पण अनेक विकणाऱ्यांच्या डोक्यातला भाव जुनाच आहे. दोन-तीन वर्षांच्या ईकोत आणि नव्यात फरक फारसा उरत नसेल तर नवीच घ्या. वापरलेल्या ईकोचा खरा फायदा चार ते सात वर्षांच्या गाडीत आहे.

तपासणीत निघालेल्या कामांची यादी कागदावर करा आणि प्रत्येकासमोर तुमच्या फिटरने सांगितलेला खर्च लिहा. तोंडी घासाघीस करण्यापेक्षा तो कागद समोर ठेवला की बोलणं लवकर संपतं.

घेतल्यावर पहिल्या आठवड्यात मागचं काही न विचारता इंजिन ऑइल आणि फिल्टर, एअर फिल्टर, प्लग, कूलंट, ब्रेक ऑइल, गिअरबॉक्स आणि हौसिंगचं ऑइल बदलून घ्या. हौसिंगचं ऑइल फिटर विसरतात, तिथे उभं राहून ते काढायला लावा आणि निघालेलं ऑइल पांढऱ्या कापडावर घेऊन बघा. लोखंडाची बारीक चमक चालते. नखात अडकेल एवढा तुकडा निघाला तर हौसिंग उघडायला सांगा. टायर पाच वर्षांहून जुने असतील तर नक्षी कितीही शिल्लक दिसो, बदला. नवे घेताना दाराजवळच्या स्टिकरवरचा आकार आणि टायरवरचा लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) जुळवा, कारण दुकानदार त्याच मापाचा हलका मोटारीचा टायर स्वस्तात पुढे करतो आणि भरलेल्या व्हॅनखाली तो वर्षभरात कडेला फुगतो.